मऊ वडी घरातच का राहिली? नाशिकच्या शिदोरीचा इतिहास

मंडळी, आजचा विषय घरगुती आहे, पण त्याला व्यापाराचा, रेल्वेचा आणि थोडाफार रसायनशास्त्राचाही इतिहास चिकटलेला आहे. अलीकडे नाशिकच्या कुठल्याही मोठ्या दुकानात ‘ग्रॅनोला बार’ मिळतो. भाजलेलं धान्य, दाणे, सुका मेवा आणि ते सगळं धरून ठेवणारा गोड पाक. त्यातला मऊ प्रकार घरी करून बघणारीही मंडळी आता बरीच आहेत. करताना त्यांच्या लक्षात येतं की जिन्नस आपल्या ओळखीचे आहेत, कृतीही ओळखीची आहे, आणि आजीनं हे बघितलं असतं तर तिनं याला सरळ ‘वडी’ म्हटलं असतं.

हे सगळं आमच्याकडे आधीपासूनच होतं, असं म्हणून टाळ्या घेण्यासाठी आपण जमलेलो नाही. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. नाशिक आणि आसपासच्या मुलखातून बाजारात नाव काढलेले खाऊचे पदार्थ बघा. नाशिकचा चिवडा कुरकुरीत. घाटापलीकडच्या लोणावळ्याची चिक्की कडक. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावची गोळी तर चांगलीच टणक. मऊ वडी मात्र घराच्या डब्यातच राहिली. तिला गावाचं नाव मिळालं नाही, पेढीचं नाही, दुकानाच्या पाटीवर जागाही नाही. असं का झालं?

आधी वाटेचा विचार करू. संस्कृतात प्रवासातल्या अन्नाला ‘पाथेय’ म्हणतात, म्हणजे पथावर उपयोगी पडणारं. आपला शब्द ‘शिदोरी’. शिदोरीच्या दोन अटी असतात. ती टिकली पाहिजे, आणि चालता चालता, पाण्याच्या घोटाबरोबर खाता आली पाहिजे. पहिली अट पाळायची तर पदार्थ कोरडा हवा, दुसरी पाळायची तर तो मऊ हवा. या ओढाताणीतून आपल्या बायकांनी ज्या युक्त्या काढल्या त्यातली एक म्हणजे दशमी. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, म्हणजे भाकरी किंवा पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. दुसरी युक्ती गुळपापडीची, तिच्याकडे आपण पुन्हा येऊच.

नाशिक जिल्हा हा तर चालणाऱ्यांचाच जिल्हा. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या थंडीत चालत त्र्यंबकेश्वरला येतात. ती षट्तिला एकादशी, त्या दिवशी तिळाला मान. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. सुमारे २० किलोमीटरची वाट, बरेच जण ती रात्रीच धरतात, आणि अनेकांना उपास असतो. चैत्रात खानदेशातून लोक पायी सप्तशृंगीच्या गडावर जातात. या सगळ्यांच्या पिशवीत काय असतं? तिळगूळ, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची वडी, खजूर. एका हातात मावणारं आणि पटकन पोटाला आधार देणारं.

आता या वडीच्या घटकांकडे बघू. तीळ आणि गूळ या भूमीवर फार जुने. पण उपासाला चालणारे बाकीचे जिन्नस एकेक करून तपासले तर गंमत दिसते. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातला. आणि राजगिऱ्याच्या धान्यासाठी पिकवल्या जाणाऱ्या जातीही माणसानं अमेरिका खंडातच माणसाळवल्या. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या गोड पाकात घोळून त्याच्या वड्या थापतात. त्या वडीचं नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. त्र्यंबकच्या वाटेवर विकली जाणारी राजगिऱ्याची वडी तिच्या शेजारी ठेवली तर कुठली कोणती हे ओळखताना आपला गोंधळ होईल. तेव्हा अस्सल देशी वडी विरुद्ध परदेशी बार असा सामना लावायला गेलो तर तो पहिल्याच घासाला निकालात निघतो.

मग आपलं असं यात काय आहे? आमच्या मते, पाकाचं ज्ञान. छापील मराठी पाकपुस्तकांची परंपरा रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’पासून, म्हणजे १८७५ पासून सांगितली जाते. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० चं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. पण ही पुस्तकं येण्याच्या कितीतरी आधीपासून घरांत पाकाची मोजपट्टी होती. एकतारी, दोनतारी, गोळीबंद. घड्याळ नाही, तापमापक नाही. दोन बोटांत तार किती निघते, थंड पाण्यात टाकलेला थेंब काय करतो, एवढंच बघायचं.

ही मोजपट्टी नेमकं काय मोजते? पाकात उरलेलं पाणी. पाक उकळत ठेवला की पाणी उडत जातं आणि त्याचं तापमान चढत जातं. साधारण ११५ अंश सेल्सिअसला थेंब पाण्यात टाकला तर त्याची मऊ गोळी होते, बोटानं दाबली की चपटी होणारी. या वेळी पाकात अजून पुष्कळ पाणी असतं, ढोबळमानानं सातवा हिस्सा. तसाच पाक १५० अंशांच्या आसपास गेला की पाणी शेकडा एकदोन उरतं, आणि थेंब पाण्यात पडल्यावर कट्कन मोडतो. हा चिक्कीचा पाक. थंड झालेली चिक्की ही खरं तर साखरेची काचच असते, म्हणून तर ती काचेसारखी तुटते. मऊ वडी आणि कडक चिक्की यांच्यामध्ये आचेवरची फार तर पाचेक मिनिटं असतात.

गुळाचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. साखर जवळजवळ एकाच प्रकारच्या शर्करेची असते, ती संधी मिळाली की कण धरते. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या शर्कराही थोड्या असतात. त्या कण धरू देत नाहीत आणि हवेतला ओलावा ओढून घेतात. पावसाळ्यात गुळाची ढेप पाझरते ती यामुळेच. मध, खजूर, बेदाणे यांत तर या शर्करा भरपूर. त्यामुळे वडी मऊ ठेवायची तर यांचीच मदत घ्यावी लागते.

गुळपापडी करणाऱ्या बाईला हे सगळं शास्त्राच्या भाषेत ठाऊक नव्हतं, पण हाताला ठाऊक होतं. तुपात कणीक खमंग भाजायची, कढई खाली उतरवायची आणि मग किसलेला गूळ घालायचा. गूळ उरलेल्या उष्णतेवर नुसता विरघळतो, शिजत नाही. कढई आचेवर ठेवूनच गूळ घातला तर वडी दगड होते. ‘खाली उतरवून घाल गं’ या एका वाक्यात वरचा सगळा परिच्छेद बसतो.

आता बाजाराकडे वळू. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून आगगाडी वर चढली. पहिलीनं पुण्याचा रस्ता जोडला, दुसरीनं इगतपुरी-नाशिकचा. प्रवास दिवसांवरून तासांवर आला, आणि खाऊ घरून न्यायचा तसा वाटेत विकतही घ्यायचा पदार्थ झाला. विकायच्या खाऊला घरच्या खाऊपेक्षा वेगळी परीक्षा द्यावी लागते. तो थरावर थर रचून ठेवता आला पाहिजे, उन्हात वितळता कामा नये, आणि आज केलेला महिन्यानं विकला तरी गिऱ्हाइकानं परत आणता कामा नये. पाणी जितकं कमी, तितकी बुरशीची भीती कमी. म्हणून चिक्की बाजारात उतरू शकली, चिवडा उतरला. मऊ वडीतल्या पाण्यानं तिला आठ-पंधरा दिवसांचंच आयुष्य दिलं होतं. घरासाठी ते पुरेसं होतं, कारण घरात डबा तितका टिकतो कुठे!

रावळगावचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानं १९३३ मध्ये तिथे साखरेची कंपनी उभी राहिली, आणि पुढच्या दशकात तिथे गोळ्या होऊ लागल्या. ऊस आपल्या जिल्ह्यातला, साखर इथली, आणि तिचा जो खाऊ देशभर गेला तो पाणी जवळजवळ संपवलेल्या पाकाचा. २०२४ मध्ये त्या गोळ्यांची नाममुद्रा एका मोठ्या उद्योगसमूहानं २७ कोटी रुपयांना विकत घेतली. कडक पाकाला बाजारात किंमत येते ती अशी.

अमेरिकेतही गोष्ट याच क्रमानं घडली. १८६३ मध्ये, म्हणजे बोरघाटात गाडी चढली त्याच वर्षी, न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी ‘ग्रॅन्युला’ केला. कोंड्यासकट गव्हाचं पीठ भिजवून भाजायचं, फोडायचं आणि पुन्हा भाजायचं. तो इतका टणक होई की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाता येत नसे. जॉन हार्वी केलॉग यांनी बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात तसाच पदार्थ त्याच नावानं सुरू केला, तंटा झाला, आणि नाव बदलून ‘ग्रॅनोला’ ठेवावं लागलं. पुढे १९६० च्या दशकात ओट, मध आणि सुका मेवा घेऊन ग्रॅनोला नव्यानं लोकांपुढे आला. १९७५ मध्ये ‘नेचर व्हॅली’चा बार बाजारात आला तो कुरकुरीत. ‘क्वेकर’चा मऊ बार १९८१ चा. म्हणजे तिथेही कडक आधी, मऊ नंतर. मऊ बार महिनोन्‌महिने मऊ ठेवायचा तर मक्यापासून केलेलं सिरप, ओलावा धरणारं ग्लिसरीन आणि हवा आत न जाऊ देणारं वेष्टण लागतं. जी गोष्ट आपल्याकडे कढई खाली उतरवून होत होती ती कारखान्यात करायला इतका सरंजाम लागला.

तर घरी मऊ बार करायचा असेल त्यांच्यासाठी आता हिशेब सोपा आहे. एक वाटी राजगिऱ्याच्या लाह्या, एक वाटी कोरडे भाजलेले ओट किंवा पातळ पोहे, अर्धी वाटी भाजून भरड केलेले दाणे, पाव वाटी भाजलेले तीळ. अर्धी वाटी बेदाणे जरासे ठेचून घ्यावेत. द्राक्षाच्या जिल्ह्यात बेदाण्याची वानवा नसावी. साधारण चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा होतो, म्हणजे द्राक्षातली शर्करा त्यात आयतीच दाटलेली असते. दोन चमचे तुपात पाऊण वाटी गूळ आणि चमचाभर पाणी घालून मंद आचेवर विरघळवावा. थंड पाण्यात थेंबाची मऊ गोळी झाली की त्याच क्षणी कढई खाली. सगळे जिन्नस घालून भराभर कालवावेत, तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडानं दाबून थापावेत आणि कोमट असतानाच वड्या पाडाव्यात. न दाबता सोडलं तर वडी भुगा होते. दोन मिनिटं जास्त शिजवलं तर चिक्की होते, तीही वाईट नाही, पण मग ती चिक्की म्हणूनच खावी.

शेवटी, याचं आज काय करायचं? सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत नागली पिकते. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून नागलीचे लाडू, बिस्किटं, पापड अशा मालाची चर्चा वाढली आहे. नागलीची वडी करणाऱ्या बचत गटातल्या बाईपुढे आजही तोच जुना प्रश्न आहे. वडी मऊ ठेवली तर माल टिकत नाही, टिकवावी तर खाणाऱ्याच्या दाताला लागते. तिला सल्ला दिला जातो तो बहुधा कारखान्याचा. मुदत वाढवा, वेष्टण बदला, सिरप घाला. त्यासाठी लागणारं भांडवल तिच्याकडे नसतं, आणि मग मोठ्या दुकानाच्या फळीवर ती मागे पडते.

आम्हाला इतिहासातून दुसरा रस्ता दिसतो. मऊ वडीचं आयुष्य कमी आहे, तर तिचा बाजारही जवळचा असावा. ती जन्मली वाटसरूसाठी, आणि वाटसरू या जिल्ह्यात आजही कमी नाहीत. पौषातल्या दिंड्या आहेत, श्रावणातली फेरी आहे, गडाची चैत्रयात्रा आहे, आणि २०२६-२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. आज केलेली वडी चार दिवसांत संपेल अशा या जागा. वडीवर केल्याची तारीख ठळक घालावी, आठ दिवसांत खा म्हणून स्पष्ट लिहावं, आणि गिऱ्हाइकाला हेही सांगावं की ही लवकर संपवायची, कारण हिच्यात पाणी शिल्लक ठेवलेलं आहे. तेवढं पाणी कुठे ठेवायचं आणि कुठे उडवायचं हे त्या बाईच्या हाताला कळतं. आजवर त्याचे पैसे कुणी मोजले नाहीत, ते आता मोजले जावेत एवढंच आमचं म्हणणं.