नऊ धावांचे अंतर

कोल्हापूरच्या माणसाला निकाली कुस्तीचे भारी वेड. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली पूर्ण झाले. तेथील लाल मातीत कोणीतरी चितपट झाल्याखेरीज प्रेक्षकाचे समाधान होत नाही. मात्र याच नगरीच्या एका सुपुत्राची सर्वांत मोठी झुंज निकाली होऊ शकली नाही. ती झुंज मातीतली नव्हती, क्रिकेटची होती. आणि मैदान होते पुणे क्लबचे.

इंग्रज अमदानीत पुण्याच्या लष्कर भागात आकारास आलेले हे मैदान पुढे महाराष्ट्र संघाचे माहेरघर ठरले. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्याच काळात शेजारच्या सांगलीत ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध पुण्यातच नाबाद ३१६ धावा काढल्या.

डिसेंबर १९४८ मध्ये पुणे क्लबवर महाराष्ट्राची गाठ काठेवाडशी पडली. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. त्यानंतर कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आणि के. व्ही. भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी रचली. भांडारकर २०५ धावांवर परतले. निंबाळकर खेळतच राहिले. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या, तेव्हा एकट्या निंबाळकरांच्या नाबाद ४४३ होत्या. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० साली सिडनीत केलेला नाबाद ४५२ धावांचा जागतिक उच्चांक केवळ नऊ धावांवर होता.

विश्रांतीची वेळ झाली. काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. विक्रमाच्या नोंदीत पराभूत म्हणून आपल्या संघाचे नाव येऊ नये, असे त्यांना वाटले, असे सांगतात. दोन षटके तरी थांबा, ही विनंतीही त्यांनी मानली नाही. सामना सोडून देऊन त्यांचा संघ निघून गेला. धावा काढायला फलंदाज होता, मैदान होते. गोलंदाज मात्र नव्हता.

पुढे पुण्यातील क्रिकेटची घरे बदलत गेली. महापालिकेच्या नेहरू स्टेडियमवर १९८४ साली पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. १९९६ च्या विश्वचषकात येथेच नवख्या केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले. त्यानंतर महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे स्वतःचे भव्य स्टेडियम उभारले. १ एप्रिल २०१२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला, वयाच्या त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, भाऊसाहेबांनी कोल्हापुरात देह ठेवला.

त्यांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. ब्रॅडमन यांचा उच्चांक १९५९ साली हनीफ महंमद यांनी ४९९ धावा काढून मोडला, आणि १९९४ साली ब्रायन लारा पाचशेच्या पलीकडे गेला. तरीही प्रथम श्रेणी सामन्यांत भारतीयाची सर्वोच्च खेळी आजही निंबाळकरांचीच आहे.

आपल्या अंगणात मुले क्रिकेट खेळतात. बाद झालेला मुलगा चेंडू काखेत मारून घरी निघाला, की खेळ संपतो. अशा वेळी त्यांना ही हकीकत जरूर सांगावी. खेळ रंगतो तो दोघांमुळे. म्हणून हरतानाही मैदानात थांबणाऱ्याचा मान जिंकणाऱ्याहून उणा नसतो.