यीस्टविना पाव : जोहान्सबर्गची चक्की आणि आमचा रोडगा



गेल्या चातुर्मासात माझ्या हातून एक चूक झाली. नातवाच्या डब्यासाठी सूनबाईने रात्री यीस्ट घालून पावाची कणीक झाकून ठेवली होती. सकाळी झाकण काढले तर गोळा फुगून दुप्पट झालेला. मी तिला न विचारता तो कचऱ्यात टाकला. ती एवढंच म्हणाली, “आई, टाकून देऊन कोणता जीव वाचला?” माझ्याकडे उत्तर नव्हते. चार दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले.

आपले म्हणणे साधे आहे. यीस्ट म्हणजे एकपेशी बुरशी. ती कणकेतली साखर खाते, वाढते, वायू सोडते, म्हणून पाव फुगतो. मग भट्टीत ती मरते. जीव मुद्दाम वाढवून भाजायचे हे मनाला पटत नाही. पण नातवाला पाव हवा, आणि सुनेला तो बाजारच्या मैद्याचा नको. तिचेही चूक नव्हते.

त्याच दिवसांत गांधीजींचे ‘सत्याचे प्रयोग’ पुन्हा वाचायला घेतले. आम्हा वर्धेकरांना सेवाग्राम आठ किलोमीटरवर. त्यामुळे बापू ओळखीचेच वाटतात. पण तरुणपणी वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटली होती. १९०५ च्या सुमारास जोहान्सबर्गच्या घरी त्यांनी बेकरीचा पाव बंद केला आणि जर्मनीतल्या लुई कुने या निसर्गोपचारकाच्या पद्धतीने यीस्ट न घालता, कोंड्यासकट पिठाचा पाव घरीच भाजायला सुरुवात केली. त्यासाठी हाताने फिरवायची चक्की घेतली, किंमत ७ पौंड. लोखंडी चाक एकट्याला जड जाई, दोघांना सोपे. ते, त्यांचे मित्र पोलक आणि मुले दळत. कस्तुरबा कधीमधी हात लावत, कारण दळणाची वेळ हीच त्यांची स्वयंपाकाला लागायची वेळ. हे वाचून मला हसू आले. प्रयोग पुरुषांचे, चूल बाईची!

पुढे १९१० मध्ये हर्मन कॅलनबाख यांनी सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी ११०० एकरांची जागा दिली. हेच टॉलस्टॉय फार्म. तिथेही घरी दळलेल्या पिठाचा घरी भाजलेला पाव असे, जोडीला शेंगदाण्याचे लोणी आणि फार्मवरच्या संत्र्यांचा मुरंबा. संत्री आणि शेंगदाणे आपल्या विदर्भाच्या ओळखीचे!

गांधीजींचे कारण जीवदया नव्हते, हेही सांगायला हवे. त्यांना साधेपणा, आरोग्य आणि काटकसर हवी होती. हाच विचार ते वर्ध्याला घेऊन आले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत त्याचे काम चाले. ते सांभाळणारे जे. सी. कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस, म्हणून माझ्यासारख्या बी.कॉम. बाईला ते जवळचे वाटतात. घाणीचे तेल, हातसडीचे तांदूळ आणि जात्यावरचे पीठ यांचा संघाने प्रचार केला. दळणाचा पैसा गावात राहतो आणि कोंडा पोटात जातो, हा हिशेब मला पटतो.

ताज्या पिठाचा आग्रह आपल्या दिगंबर घरांत त्याच्याही आधीपासूनचा. पिठाची मर्यादा थंडीत ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. माझ्या सासूबाई ती काटेकोर पाळत. गव्हाच्या अंकुरात तेल असते, दळल्यावर ते लवकर खवट होते. मैदा टिकतो तो अंकुर आणि कोंडा काढलेला असतो म्हणून.

मग मी सुनेला म्हटले, “चल, बापूंचा पाव करून पाहू.” नुसती कणीक, मीठ, पाणी. मोठा गोळा भाजला आणि झाली वीट! वरून करपली, आत कच्ची. तेव्हा आठवला आपला रोडगा. तोही यीस्टविनाच, पण गोळे मुठीएवढे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर सावकाश भाजलेले, आणि खाताना चुरून वर तूप. गोळा लहान म्हणून आतपर्यंत भाजला जातो. सँडविचच्या मोठ्या पावाला मात्र थोडे फुगणे लागतेच.

दुसऱ्या वेळी खाण्याचा सोडा आणि लिंबू घातले, पण यीस्टच्या सवयीने सुनेने गोळा तासभर झाकून ठेवला. सोड्याचा वायू तोवर निघून गेला. पुन्हा वीट! त्या दिवशी मात्र आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आता जमले आहे. अडीच वाट्या कणीक, एक लहान चमचा सोडा, मीठ, चमचाभर किसलेला गूळ. सव्वा वाटी दुधात एका लिंबाचा रस घालून ते कणकेत ओतायचे, फार मळायचे नाही. भट्टी आधीच २०० अंशांवर तापलेली हवी. गोळा लगेच आत, ४० मिनिटे. आम्ही दुपारी तीनला लावतो, म्हणजे सूर्यास्ताच्या आत खाऊन होते. उरवायचा नाही, म्हणून नातवाचे सँडविच आता डब्यात नसते, शाळेतून आल्यावर घरी असते.

पाव विकतच्यासारखा हलका होत नाही. नातू त्याला ‘आजीचा रोडगा’ म्हणतो. पण सुनेची माफी मी मागितली ती पाव जमला म्हणून नव्हे. जीवदया सांगताना समोरच्या माणसाचे मन दुखवले, ही हिंसा माझ्या हिशेबात तोवर धरलीच नव्हती.

तुम्ही करून पाहिलात तर पिठाच्या डब्यावर दळणाची तारीख लिहायला विसरू नका.