समाश्रयण प्रतिमान, मेंदू-प्रतिमांकनातील

मेंदूच्या प्रतिमांवरून गटागटांतील फरक तपासण्याची सांख्यिकीय पद्धत. कार्ल फ्रिस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सामान्य रेषीय प्रतिमान या क्षेत्रात रूढ केले. प्रतिमेतील प्रत्येक घनकणासाठी (व्हॉक्सेल) तेच प्रतिमान स्वतंत्रपणे बसवतात; हजारो चाचण्यांमुळे बहुविध तुलनेची दुरुस्ती अनिवार्य ठरते.

अल्झायमरचे रुग्ण व निरोगी वृद्ध यांच्या हिप्पोकॅम्पसच्या घनफळाची तुलना करताना गट, वय, लिंग आणि कवटीचे अंतर्गत घनफळ हे चल घेतात. गटाचा गुणांक म्हणजे इतर चल समान धरल्यावर उरणारा सरासरी फरक. वयाचा परिणाम दोन्ही गटांत वेगळा असण्याची शक्यता असल्यास गट व वय यांचे गुणनपद जोडतात. अशा वेळी गटाचा गुणांक वय शून्य असतानाचा फरक दर्शवतो. म्हणून प्रत्येक वयातून सरासरी वय आधी वजा करतात.

एकाच व्यक्तीची वारंवार प्रतिमांकने असल्यास मिश्र-परिणाम प्रतिमान योग्य ठरते. गटांची वये फारच भिन्न असतील, तर गणिती समायोजन विश्वासार्ह राहत नाही. सहभागींची निवडच जुळवून करावी लागते. आजारामुळेच बदलणारा चल प्रतिमानात घेतल्यास खरा फरक झाकला जाऊ शकतो. त्यामुळे चलांची निवड विश्लेषणापूर्वी, कार्यकारणाचा विचार करून ठरवणे आवश्यक असते.