झाकण कशाला? मासे गुदमरतील ना!

आजचा विषय आहे झाकण. डब्याचं नाही, कुकरचंही नाही. घरातल्या फिश टँकचं झाकण. हसू नका. या विषयात लंडनचा एक डॉक्टर आहे, सिडनीला आलेलं जहाज आहे, मुंबईच्या विहिरी आहेत आणि माझ्या आईचा एक प्रश्न आहे. तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या डँडेनॉन्गच्या घरात स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये भिंतीत एक कोनाडा आहे. त्या मापाचा टँक मी बनवून घेतला. लांबी ११८० मिलिमीटर, रुंदी ४३०. हौसेला मोल नसतं, पण माप असतं, हे नंतर कळलं, कारण दुकानात मिळणारं एकही तयार झाकण त्यावर बसेना. म्हणून वर्षभर टँक उघडाच राहिला. मग जुलैतल्या एका सकाळी माझ्या मुलाला त्याचा गुरामी मासा कपाटामागे सापडला. वाळलेला. त्या दिवशी तो शाळेत न बोलताच गेला.

गिरगावात वाढलेली माझी आई तेव्हा इथेच होती. मी म्हटलं, आता झाकण करून घेतो. तर ती म्हणाली, "अरे, झाकण कशाला? गुदमरतील ना बिचारे!"

मी आयटी कन्सल्टंट. आधी रिक्वायरमेंट लिहून काढायची, मग वस्तू निवडायची, ही सवय. आईचा प्रश्न त्या यादीत सगळ्यात वर लिहिला आणि उत्तर शोधता शोधता जवळपास दोनशे वर्षं मागे गेलो.

१८२९ साली पूर्व लंडनमध्ये नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी पतंगाचा एक कोश ओल्या मातीत ठेवून काचेच्या बाटलीत बंद केला. त्यातून पतंग कसा बाहेर पडतो ते त्यांना पाहायचं होतं. पण मातीतून उगवलं नेच्याचं रोप आणि थोडं गवत. बाहेर लंडनचा कोळशाचा धूर नेचे जगू देत नव्हता, आणि इथे बंद बाटलीत पाणी न घालता ते तरारले होते! दिवसा मातीतला ओलावा वर चढून काचेवर जमायचा आणि पुन्हा खाली उतरायचा. हे जवळपास चार वर्षं चाललं. मग ती रोपं मेली, आणि कशाने, तर वॉर्ड बाहेरगावी असताना झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी आत शिरलं म्हणून. झाकणाच्या इतिहासातलं हे पहिलं पान समजा. काच टिकली, झाकणाने घात केला.

या प्रयोगाचा पुढचा टप्पा आपल्याला जवळचा आहे. १८३३ साली वॉर्ड यांनी रोपांनी भरलेल्या दोन बंद काचपेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून सिडनीला पाठवल्या. सहा महिन्यांच्या प्रवासानंतरही रोपं जिवंत होती. १८३४ मध्ये त्याच पेट्या ऑस्ट्रेलियन रोपांनी भरून उलट निघाल्या. केप हॉर्नपाशी डेकवर बर्फ, विषुववृत्तावर भाजणारं ऊन, तरीही रोपं लंडनला सुखरूप पोचली. पुढे चीनमधला चहा अशाच पेट्यांतून हिमालयाच्या उतारांवर आला. आपल्या सकाळच्या चहामागे एका घट्ट झाकणाचा हातभार आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पण रोपांची गोष्ट वेगळी, माशांची वेगळी. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर काढून टाकला आणि काच स्वस्त झाली. १८४९-५० च्या सुमाराला रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या मोठ्या भांड्यात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजलेली पानं खाणाऱ्या गोगलगायी असा संसार मांडला. वनस्पती प्राणवायू देणार, मासे तो घेणार, गोगलगायी साफसफाई करणार. आजच्या घरगुती अॅक्वेरियमची मूळ कल्पना ती हीच. वॉर्ड यांच्यासारखं घट्ट झाकण मात्र वॉरिंग्टननी लावलं नाही. लंडनची काजळी पाण्यात पडू नये पण हवा जावी, म्हणून त्यांनी वर पातळ मलमल ताणून बसवली. वाचलं आणि मला आईचं दही लावायचं पातेलं आठवलं. तिथेही वर मलमलीचं फडकंच असतं.

मग लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यालय उघडलं आणि घरोघरी टँक ठेवायची लाट आली. मेलबर्नच्या एक्झिबिशन बिल्डिंगमध्ये १८८५ साली मत्स्यालय झालं, ते १९५३ मध्ये जळालं. आपल्या मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. तुमच्यापैकी कितीतरी जण शाळेच्या सहलीत तिथे गेले असतील. आठवून पाहा, तिथल्या टँकची वरची बाजू कधी दिसली होती का? भिंतीतल्या खिडकीसारखी फक्त समोरची काच. वरचा भाग मागच्या कर्मचाऱ्यांचा. मला वाटतं, म्हणूनच आपण टँक घेताना काच, दिवा, दगड सगळं निवडतो आणि झाकण आठवतं ते मासा जमिनीवर सापडल्यावर.

आता मुंबईच्या विहिरींकडे येऊ. मला यातला सगळ्यात रंगतदार भाग हाच वाटतो. १९११ साली डॉ. सी. ए. बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल आला. दोष डबक्यांना नव्हता, तर घरोघरच्या विहिरी आणि टाक्यांना होता. हिवतापाचे डास तिथल्या स्वच्छ पाण्यातच वाढत होते. म्युनिसिपालिटीने नोटिसा काढल्या: विहीर बुजवा, नाहीतर पक्कं झाकण घाला. शहरात हरकतींचा पाऊस पडला. हिंदू आणि पारशी, दोघांचंही म्हणणं असं की धर्मकार्याच्या पाण्याला सूर्यप्रकाश लागला पाहिजे. विहिरीत वास करणाऱ्या शक्तींची भीती वेगळीच. रुस्तम मसानी हे तेव्हा म्युनिसिपालिटीत अधिकारी होते, पुढे मुंबईचे पहिले भारतीय म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनी या हरकती फायलीत बांधून ठेवल्या नाहीत. त्यातून जगभरच्या जलपूजेचा अभ्यास सुरू केला आणि १९१८ मध्ये 'फोकलोअर ऑफ वेल्स' हे पुस्तक लिहिलं. झाकणावरच्या भांडणातून पुस्तक झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

तडजोड काय निघाली? पक्क्या झाकणातच तारेच्या बारीक जाळीचं एक दार. ऊन आत जातं, डास जात नाही. हे मी जेवताना सांगितलं तर आई घास थांबवून म्हणाली, "आमच्या चाळीच्या विहिरीवर अगदी तसंच होतं. लोखंडी झाकण आणि मधोमध जाळीचा चौकोन. आम्ही त्यातून आत डोकवायचो. मला वाटायचं, आम्ही मुलं पडू नये म्हणून असेल."

तर मग आमची रिक्वायरमेंट बदलली. झाकण किती घट्ट असावं, हे नंतरचं. काय अडवायचं आणि काय जाऊ द्यायचं, हे आधी.

आमच्या घरी मासा अडवायचा, हे उघडच. दुसरी होती वाफ. हिवाळ्यात टँकमधलं दिवसाला दीड-दोन लिटर पाणी उडून जायचं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते. ती आमचा हीटर भरत होता, म्हणजे बिल मी भरत होतो. शिवाय ती ओल भिंतीत मुरून वरच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती. जाऊ द्यायची होती हवा आणि प्रकाश. गुरामी वर येऊन हवेचा घोट घेतो, आपल्या मरळ माशासारखा. पाण्याच्या आणि झाकणाच्या मधली हवा कोमट, दमट असली तर त्याला बरं, असं पाळणारे सांगतात. म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर असं: झाकणाला थोडी फट असेल आणि फिल्टर पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवत असेल, तर कोणी गुदमरत नाही. हवाबंद मात्र करायचं नाही.

काच पाहिली. चार मिलिमीटरची काच आमच्या मापाला पाच किलो भरते. रोज खाणं घालताना नऊ वर्षांच्या मुलाने ती उचलायची, हे मला पटेना. टफन्ड काच घ्यायची तर खाचा आधीच सांगाव्या लागतात, नंतर ती कापता येत नाही. अॅक्रिलिक हलकं आणि दिसायला झकास, पण खालून ओलं नि वरून कोरडं राहिलं की पातळ शीट वाकतं. एका ओळखीच्यांच्या घरी त्याची होडी झालेली पाहिली. शेवटी घेतलं दुपदरी पॉलिकार्बोनेट, म्हणजे इथे परगोलाच्या छपराला लावतात तेच. वजन किलोभरही नाही. सुरीने कापता येतं. एकच पथ्य: त्याच्या पोकळ नळ्यांची तोंडं सिलिकॉनने बंद करायची, नाहीतर आत पाणी शिरून शेवाळ धरतं. लांबीचे दोन तुकडे केले, मागच्या बाजूला पाइपांपुरती तीन सेंटिमीटरची पट्टी सोडली आणि तिच्यावर जाळी लावली. उडी मारणारा मासा बोटभर भोकही शोधतो, म्हणून पाइपांच्या कडेलाही जाळीच.

हे झालं हिवाळ्याचं. पण मेलबर्नचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. ७ फेब्रुवारी २००९ ला पारा ४६.४ वर गेला होता. अशा दिवशी जी वाफ हिवाळ्यात नको असते, तीच टँक थंड करते, माठातल्या पाण्यासारखी. म्हणून दुसरं झाकण केलं: खिडकीला माश्या येऊ नयेत म्हणून लावतात ती फ्लायस्क्रीनची जाळी, अॅल्युमिनियमच्या चौकटीत. चाळिशीच्या दिवशी पॉलिकार्बोनेट काढायचं, जाळी ठेवायची आणि वरून छोटा पंखा. पाणी रोज भरावं लागतं, तेवढं करायचं.

जाळीची चौकट पहिल्यांदा बसवली तेव्हा आई परत मुंबईला गेली होती. व्हिडिओ कॉलवर दाखवली. ती म्हणाली, "कॅमेरा वरून धर जरा." मी धरला. मुलाने खाणं टाकलं, नवा गुरामी वर आला आणि जाळीखाली तोंड उघडून हवेचा घोट घेऊन गेला. आई बराच वेळ तशीच बघत राहिली.