दुपारी चारचा प्रयोग

डिसेंबर लागला की पेण आणि रोह्याच्या शाळांत वर्ग सुटल्यावर बाकं भिंतीकडे सरकवली जातात आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात. मुलांना आणि पालकांनाही विनोदी नाटक हवं असतं. मग सरांच्या नाहीतर बाईंच्या कपाटातून अत्रे निघतात, किंवा देवलांचं 'संशयकल्लोळ'. पदं गाळायची, दोन-तीन प्रवेश निवडायचे आणि खारेपाटातून एसटीने येणाऱ्या नववीतल्या एखाद्या मुलाला फाल्गुनराव करायचं. बायकोवर संशय घेणारा पन्नाशीचा गृहस्थ चौदा वर्षांचा मुलगा रंगवतो आणि पटांगण हसतं.

हा फाल्गुनराव मूळचा पॅरिसचा. मोलिएर या फ्रेंच नाटककाराने १६६० साली 'स्गानारेल' नावाचं छोटं प्रहसन लिहिलं आणि त्यातला संशयी नवरा स्वतःच उभा केला. आर्थर मर्फीने १७६१ मध्ये त्याचं इंग्रजी नाटक केलं. ते देवलांच्या हाती आलं, १८९३ मध्ये त्याचा गद्य 'फाल्गुनराव' झाला आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने त्याचं संगीत 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणलं. म्हणजे आपला नववीतला मुलगा ज्या भूमिकेत उभा राहतो, ती पहिल्यांदा मोलिएरने केलेली आहे.

त्या मोलिएरच्या शेवटच्या दिवसाची ही हकिगत. ती मुलांसाठी लिहितो आहे, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या शिक्षकांसाठी. तालमीत एक वाक्य नेहमी ऐकू येतं: काहीही होवो, प्रयोग झालाच पाहिजे. त्याला दाखलेही तयार असतात. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलगी गेली, तरी बालगंधर्व उभे राहिले. मोलिएर तर रंगमंचावरच कोसळला, असं सांगतात. दाखला द्यायचाच असेल, तर तो पुरता माहीत असावा.

एक वर्ष आधी

१७ फेब्रुवारी १६७२. मादलेन बेजार हिचं निधन. तिच्याबरोबर मोलिएरने तरुणपणी नाटक कंपनी काढली होती. तिच्याबरोबरच त्याने कर्जबाजारीपण सोसलं आणि गावोगाव फिरून दौरे केले. त्याच वर्षी संगीतकार ल्युली याने राजाकडून ऑपेराचा एकाधिकार मिळवला, आणि इतर नाटक कंपन्यांनी किती गायक-वादक ठेवावेत यावर बंधनं आली. ऑक्टोबरात मोलिएरचं तान्हं मूल गेलं. छातीचा विकार त्याला बरीच वर्षं होता. खोकला इतका नित्याचा झाला होता की 'कंजूष' या नाटकात त्याने तो पात्रालाच देऊन टाकला होता. त्याच नाटकावरून पुढे अत्र्यांनी 'कवडीचुंबक' लिहिलं.

एक आठवडा आधी

शुक्रवार, १० फेब्रुवारी १६७३. पॅरिसच्या पाले-रॉयाल नाट्यगृहात 'ल मालाद इमाजिनेर'चा पहिला प्रयोग. संगीत शार्पांतियेचं. नायक आर्गां धडधाकट आहे, पण स्वतःला आजारी समजतो आणि वैद्यांच्या बिलांत बुडालेला असतो. ही भूमिका मोलिएरची. खरोखर आजारी असलेला माणूस स्वतःला उगाच आजारी समजणाऱ्या माणसाचं सोंग घेत होता, आणि खोकल्याची उबळ आली की लोकांना तो अभिनय वाटून हशा पडत होता. त्या काळी खेळ मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी होत. रविवारी दुसरा प्रयोग झाला, मंगळवारी तिसरा.

आपल्याकडे तेव्हा शिवकाल होता. रायगडावरच्या राज्याभिषेकाला अजून सव्वा वर्ष होतं.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी, सकाळ

मादलेनच्या मृत्यूला आज बरोबर वर्ष झालं. मोलिएरचं वय ५१. आज छाती नेहमीपेक्षा जास्त त्रास देते आहे. त्याने पत्नी आर्मांदला आणि बारोंला जवळ बोलावलं.

बारोंबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या दिवसाचा साक्षीदार तोच आहे. तो मोलिएरचा विद्यार्थी. मुलांच्या एका नाटक कंपनीत बारा-तेरा वर्षांचा हा पोर काम करत असताना मोलिएरने त्याला हेरलं, घरी आणलं आणि शिकवलं. मध्यंतरी तो रुसून निघून गेला होता, काही वर्षांनी परत आला. आज तो एकोणीस वर्षांचा आहे. पुढे ग्रिमारेने १७०५ साली मोलिएरचं चरित्र लिहिलं, ते बहुतांशी बारोंच्याच आठवणींवर. बत्तीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणींत थोडं रंगकाम झालं असेलही, पण शिष्याने गुरूचा शेवटचा दिवस जपून ठेवला म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला.

मोलिएर दोघांना म्हणाला की आयुष्यात सुख आणि दुःख सारखं मिसळलेलं होतं तोवर मी समाधानी होतो, आता मात्र दुःखाला फटच राहिलेली नाही. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. आज खेळ करू नका, बरं वाटेपर्यंत विश्रांती घ्या, अशी त्यांनी गळ घातली.

यावरचं मोलिएरचं उत्तर सगळ्या दाखल्यांत गाळलं जातं, म्हणून ते नीट सांगतो. रंगदेवता, कला, रसिक मायबाप यांतलं काहीही तो बोलला नाही. तो म्हणाला की इथे पन्नास गरीब कामगार रोजंदारीवर जगतात. खेळ झाला नाही तर त्यांनी काय करायचं? करता येत असताना एका दिवसाची भाकरी मी त्यांच्या तोंडून काढली, तर माझं मलाच ते लागून राहील.

हे पन्नास जण कोण? दारावरचे, मेणबत्त्या लावणारे आणि त्यांची काजळी छाटणारे, नेपथ्य ओढणारे, कपडे सांभाळणारे, वाद्यं वाजवणारे. खेळ झाला तर त्यांना पैसे.

दुपार

त्याने नटांना निरोप दिला: बरोबर चार वाजता पडदा वर गेला पाहिजे. उशीर झाला तर माझ्याच्याने उभं राहवणार नाही. मग लोकांचे पैसे परत करा. स्वतःच्या शरीरात किती तास उरले आहेत याचा त्याला अंदाज असावा. चार म्हणजे चार, हे त्याने शिस्तीसाठी सांगितलं नव्हतं. ताकद संपायच्या आत खेळ संपावा, एवढाच त्यात हेतू होता.

चार वाजता

मेणबत्त्या लागल्या. आर्गां आपल्या खुर्चीत बसून औषधांची बिलं मोजतो आहे. नाटकाची सुरुवातच अशी आहे की नायकाला उठावं लागत नाही. ती खुर्ची पॅरिसच्या कॉमेदी-फ्रान्सेझने आजही जपून ठेवली आहे.

तिसरा अंक

या अंकातले दोन प्रवेश त्या दिवशी बोलायला किती जड गेले असतील, याचा विचार करून अंगावर काटा येतो. पहिल्यात आर्गांचा भाऊ त्याला सुचवतो की वैद्यांचं खूळ उतरवायला एखादं मोलिएरचं नाटक बघ. आर्गां भडकतो. हा मोलिएर आजारी पडला तर वैद्यांनी त्याला औषध देऊ नये, खुशाल मरू द्यावं, असं तो तावातावाने म्हणतो. ही वाक्यं मोलिएरनेच लिहिली होती, आणि आज ती मोलिएरच्याच तोंडी होती.

दुसऱ्यात बायकोचं प्रेम पारखायला आर्गां मेल्याचं सोंग घेतो. आडवा पडण्याआधी तो मोलकरणीला विचारतो, असं सोंग घेण्यात काही धोका तर नाही ना?

दोन्ही वेळा लोक हसले असणार. हसण्यासाठीच ती वाक्यं लिहिलेली आहेत.

शेवटचा प्रवेश

नाटक संपतं ते एका धमाल समारंभाने. मोडक्या-तोडक्या लॅटिनमध्ये आर्गांला वैद्याची पदवी बहाल होते, आणि त्याने शपथ घ्यायची असते. शपथेचा शब्द उच्चारताना मोलिएरच्या अंगाला झटका आला. समोरच्या अर्ध्या लोकांनी तो पाहिला. लोकांनी पाहिलं आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने ओढूनताणून हसून तो झटका भूमिकेत मिसळून टाकला. समारंभ पुरा झाला. कामगारांचा रोज सुटला.

प्रयोगानंतर

अंगावर झगा ओढून तो बारोंच्या खोलीत गेला आणि त्याने विचारलं, लोक नाटकाबद्दल काय म्हणतात? बारोंने त्याचे हात हातात घेतले तर ते बर्फासारखे गार. त्याने ते हात घालायच्या उबदार मफमध्ये घातले आणि पालखीवाले बोलावले. नाट्यगृहापासून ऱ्यू द रिशलियूवरचं घर जवळच होतं, तरी वाटेत काही होऊ नये म्हणून बारों पालखीला सोडून कुठे गेला नाही.

घरी आर्मांदच्या काढ्यासारख्या सुपाला त्याने नकार दिला. पार्मेझान चीजचा तुकडा मागवला, पावाबरोबर खाल्ला आणि अंथरुणावर पडला. झोप यावी म्हणून औषधी वनस्पती भरलेली उशी मागवली. पोटात घ्यायच्या औषधांची त्याला भीती वाटायची.

रात्रीचे नऊ

खोकल्याची मोठी उबळ आली. त्याने दिवा मागितला. रक्त पडलं होतं. बारों घाबरला, तेव्हा मोलिएरनेच त्याला धीर दिला की याहून जास्त पडलेलं तू पाहिलं आहेस. पण जा, माझ्या बायकोला वर बोलाव. ख्रिस्ती धर्मातल्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या काळात भिक्षेसाठी पॅरिसला आलेल्या दोन जोगिणी त्याच्याच घरी उतरल्या होत्या. त्या त्याच्याजवळ थांबल्या.

नऊ ते दहा

त्याने धर्मगुरूला बोलावणं धाडलं. नट हा पेशा चर्चच्या लेखी पापाचा होता. मरण्यापूर्वी त्याचा त्याग केल्याशिवाय अंत्यसंस्कार मिळत नसत. सेंत-युस्ताश चर्चच्या दोन धर्मगुरूंनी यायला साफ नकार दिला. मग त्याचा साडू स्वतः गेला, तिसऱ्याला झोपेतून उठवलं आणि घेऊन निघाला. या हेलपाट्यांत दीड तासाच्या वर गेला, असं आर्मांदने पुढे आर्चबिशपला केलेल्या अर्जात लिहिलं आहे.

दहाच्या सुमारास

घशात रक्त दाटून मोलिएर गेला. त्या दोन जोगिणींनी त्याला धरलं होतं. आर्मांद आणि बारों वर पोचले तेव्हा श्वास थांबलेला होता. तिसरा धर्मगुरू त्यानंतर आला.

पुढचे दिवस

दफनाला परवानगी नाकारली गेली. आर्मांदने आर्चबिशपकडे अर्ज केला, राजाकडे दाद मागितली. शेवटी २१ फेब्रुवारीला, दिवस मावळल्यावर, विधींशिवाय, फक्त दोन धर्मगुरूंच्या उपस्थितीत, असं ठरलं. रात्री नऊ वाजता मशालींच्या उजेडात सेंत-जोसेफच्या दफनभूमीत त्याला पुरलं. पाले-रॉयाल नाट्यगृह पुढे राजाने ल्युलीला देऊन टाकलं.

२४ फेब्रुवारीला कंपनीने 'ल मिझांथ्रोप' लावून पुन्हा खेळ सुरू केले. गुरूची मुख्य भूमिका विद्यार्थी बारोंने केली. ३ मार्चला 'ल मालाद इमाजिनेर'ही परत लागलं. आर्गां झाला ला तोरिलियेर, कंपनीतलाच एक जुना नट.

या शेवटच्या तारखेपाशी मी थांबतो, आणि तालीम घेणाऱ्या प्रत्येकाने थांबावं असं मला वाटतं. १७ फेब्रुवारी ते ३ मार्च म्हणजे चौदा दिवस. चौदा दिवसांत बदली नट उभा राहिला, नाटक चाललं, पन्नास जणांची भाकरीही चालू राहिली. भूमिका दुसऱ्याला करता येण्यासारखी होती. फक्त त्या शुक्रवारी दुसरा कोणी तयार नव्हता, म्हणून आजारी माणूस चार वाजता उभा राहिला. त्याच्या मोठेपणाला मी मनापासून मानतो, पण हा प्रसंग कंपनीच्या व्यवस्थेतली उणीवही दाखवतो, आणि ती उणीव आपण आदर्श म्हणून मुलांपुढे ठेवतो आहोत.

शाळेच्या नाटकावर कोणाची रोजी अवलंबून नसते. तिथे तापाने फणफणलेल्या मुलाला गोळी देऊन, चेहरा रंगवून विंगेत उभं करणं आणि वर मोलिएरचं नाव घेणं यात मोलिएरचा काहीच अंश नाही. तो स्वतःच्या जिवावर उदार झाला होता. आपण दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर उदार होतो. पालक रजा काढून आले आहेत, पाहुणे तालुक्याहून यायचे आहेत, मांडव घातला आहे, हे सगळं खरं. ती गैरसोय मोठ्यांची आहे, ती मोठ्यांनी सोसावी.

आणि मोलिएरचं जे घ्यायचं ते आपण घेत नाही. पटांगणात पडदा ओढणारा मुलगा, दिवे सांभाळणारा, खुर्च्या लावणारे शिपाईमामा, वह्या धरून विंगेतून वाक्यं पुरवणारी मुलगी, हे त्याचे पन्नास जण आहेत. मरणाच्या दिवशी तो त्यांच्यासाठी उठला. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावंही नसतात.

पेण-रोह्याच्या सर-बाईंना म्हणून एवढीच विनंती. 'संशयकल्लोळ' बसवा, 'कवडीचुंबक' बसवा, शाळेत विनोदी नाटक झालंच पाहिजे. पण पहिल्या तालमीपासून प्रत्येक मोठ्या भूमिकेला दोन मुलं तयार करा, आणि दुसऱ्यालाही निदान एक प्रवेश खरा करायला द्या, नाहीतर तो नुसता राखीव राहतो आणि त्याचं मन उडतं. प्रयोगाच्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या कपाळाला हात लावून बघा. ज्याचं अंग तापलं असेल त्याला घरी पाठवा आणि दुसऱ्याला उभं करा. आणि पत्रिकेत फाल्गुनरावाच्या नावाखाली, त्याच टायपात, पडदा ओढणाऱ्याचं नाव छापा.