ट्वीडच्या दोन तीरांवरचे दूध

आमच्या सीमाभागात गवळी पहाटे राज्याची हद्द ओलांडून रतीब घालतो. दूध कानडी की मराठी, असे त्याला कोणी विचारीत नाही. ब्रिटनमध्ये मात्र ट्वीड नदी काही मैल हद्द होऊन वाहते आणि तिच्या दोन तीरांवर दुधाचा कायदा निराळा आहे. स्कॉटलंडमध्ये गाईचे कच्चे दूध पिण्यासाठी विकण्यास १९८३ पासून बंदी आहे. इंग्लंडमध्ये ते आजही कायद्याने विकता येते.

या वादाचे मूळ जुने आहे. १८८२ साली क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख यांनी १९०१ साली लंडनच्या परिषदेत सांगितले, की गाईच्या क्षयापासून माणसाला फारसे भय नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दावरही विसंबून न राहता सरकारने शाही आयोग नेमला. आयोगाने प्रयोग केले आणि १९११ साली उलट निर्णय दिला: दुधातून हा रोग माणसांना, विशेषतः मुलांना, होतो.

उपाय ठाऊक होता. दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करायचे. परंतु लहान शेतकऱ्याला यंत्राचा खर्च परवडेना आणि तापवल्याने दुधाचा कस जातो, असेही अनेकांना वाटे. पुढे गुरांतील क्षय बराच आटोक्यात आला, तरी कच्च्या दुधातून साल्मोनेलासारख्या जंतूंच्या साथी येतच राहिल्या. अखेर स्कॉटलंडने बंदी घातली आणि तेथील अशा साथी कमी झाल्या.

इंग्लंडने मधला मार्ग धरला. दूध शेतकऱ्यानेच थेट गिऱ्हाइकाला विकावे, दुकानात ठेवू नये. दर मिलिलिटरमागे जंतूंची संख्या २०,००० च्या आत असावी आणि बाटलीवर धोक्याची सूचना असावी. जाणत्या माणसाने वाचून ठरवावे, हा त्यामागील विचार.

विचार चांगला आहे; पण पेला ज्याच्या हाती दिला जातो, ते मूल चिठ्ठी वाचत नाही.

आपल्या आजीने कोणताही आयोग वाचला नव्हता. दूध आले, की ते चुलीवर चढे आणि उकळी आल्याखेरीज कोणाच्या ओठी लागत नसे. आता ‘कच्चे तेच सकस’ असे सुशिक्षित घरांतूनही ऐकू येऊ लागले आहे. कायदा दुकानापर्यंत पोहोचतो. त्यापुढची राखण घरच्या चुलीनेच करायची असते.