धबधबा एकात, घंटा दुसऱ्यात

श्रावण. महाडहून बिरवाडीमार्गे तुम्ही शिवथरघळीत पोचलात. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला तो इथेच, असं मानतात. घळीच्या तोंडाशी धबधबा कोसळतोय. शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतंय. आत सरकलात की पाण्याची सळसळ गळून पडते, उरते नुसती घरघर. तेवढ्यात आरतीची घंटा वाजते. हे दोन आवाज कानात धरा आणि चला मागे.

१९८२, मुंबई, एचएमव्हीचा स्टुडिओ. चरणजितसिंग हे सिनेसंगीतातले मुरलेले वादक. यमन, तोडी, मेघमल्हार असे दहा राग ते एका तबकडीसाठी डिस्कोच्या ठेक्यावर वाजवताहेत. समोर रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं: ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. तिन्ही अ‍ॅनालॉग, विजेचा दाब खालीवर होतो, तोच स्पीकरमधून आवाज होऊन येतो.

खोली रिकामी झाली की ज्युपिटरपाशी बसा. त्याच्या दर स्वराला दोन ऑसिलेटर, म्हणजे लहर काढणारे भाग. दोघांच्या सुरात केसभर फरक ठेवा. तानपुऱ्याची जोडी जुळताना येते तशी हलती लहर उठते. यंत्र तापलं की सूर सरकतो, म्हणून ते जुळवायचं बटणच पॅनेलवर दिलंय. आता दुसऱ्या ऑसिलेटरवर ‘नॉइज’, म्हणजे नुसती खरखर निवडा. वरचे स्वरांश गाळणाऱ्या फिल्टरची पट्टी वर सारलीत की धबधबा तोंडावर. खाली ओढलीत की तुम्ही घळीच्या पार आत! हातासरशी जमलं. घंटा मात्र तितक्या सहज साधत नाही. वाजते ती बोथट.

आता थोडं पुढे या. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ बाजारात आला. याच्यात सगळा हिशोब आकड्यांचा. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेली एफएम पद्धत: एक साधी लहर दुसरीला वेगाने हलवते आणि त्यातून नवे स्वरांश फुटतात. दर स्वराला अशा सहा लहरी, त्या जोडायच्या ३२ रीती. दोन लहरींचं प्रमाण १ ला ३.५ ठेवा, हलवणारी लहर लवकर विझू द्या आणि पट्टी दाबा. टण्ण! आधी धातूचा चटका, मग लांबत जाणारा गुंजारव. सूर कितीही तास जागचा हलत नाही. पण धबधबा? नॉइजचा वेगळा स्रोतच नाही. एका लहरीचा आवाज तिच्यातच परत सोडून कशीबशी खरखर काढावी लागते. तीही एका स्लायडरने, इवल्या पडद्यावर आकडे बदलत.

अ‍ॅनालॉग उबदार आणि डिजिटल थंड, हे ऐकीव मत आता तुमच्यापुरतं तरी मिटलं असेल. गर्जना, घरघर, जाड खर्ज हवा तर अ‍ॅनालॉग. घंटा, झांज, काचेचा टणत्कार हवा तर एफएम. चरणजितसिंगांची ती तबकडी तेव्हा फारशी खपली नाही; २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. तिच्यातला मेघमल्हार चांगल्या हेडफोनवर ऐका. आणि वाद्य घ्यायला निघाला असाल, तर कुठलं भारी हे विचारण्याआधी आपल्याला काढायचाय तो आवाज कोणता, हे ठरवा.